मधली सीट कोणाच्या वाट्याला?

सगळी इकॉनॉमी असलेल्या एअरबस ए320 विमानाची नेहमीची मांडणी 180 सीटची. तीस ओळी, मधून चालायची वाट आणि वाटेच्या दोन्ही अंगांना तीन-तीन सीट. म्हणजे साठ जागा खिडकीच्या, साठ आइलच्या आणि साठ मधल्या. मधल्या सीटवर बसणाऱ्याला बाहेरचं धड दिसत नाही, उठायचं तर शेजाऱ्याला उठवावं लागतं आणि कोपरं कुठे टेकवायची हा प्रश्न उतरेपर्यंत सुटत नाही. त्यामुळे या साठ जागा सहसा कोणी मागून घेत नाही. विमान भरलेलं असलं की मात्र साठ माणसांना तिथे बसावंच लागतं. कंपनीने कितीही गोल्ड आणि प्लॅटिनम कार्डं वाटली तरी साठाचे एकोणसाठ होत नाहीत. फ्रीक्वेंट फ्लायर योजनांचा विचार करताना ही साधी गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी, कारण त्यांच्या जाहिरातींत ‘स्टेटस’ ही जणू कंपनीने नव्याने निर्माण केलेली सोय असते. लाउंजमधल्या चहा-नाश्त्याबद्दल ते एक वेळ खरं मानता येईल. सीटच्या बाबतीत स्टेटस फक्त आहे त्याच सोयी-गैरसोयींची वाटणी करतं. एकाला हक्काने मिळालेली खिडकी दुसऱ्याच्या हातून गेलेली असते. यातून एक अडचणीचा निष्कर्ष निघतो: स्टेटसला मोल येतं ते स्टेटस नसलेल्याच्या गैरसोयीमुळे, आणि म्हणून ती गैरसोय कमी करण्यात कंपनीला फारसा रस उरत नाही.

या वाटणीची सुरुवात अमेरिकेत झाली. 1978 साली तिथल्या संसदेने प्रवासी विमानसेवेवरचं सरकारी नियंत्रण उठवणारा कायदा केला. तोवर कोणत्या मार्गावर कोणी उडायचं आणि भाडं किती घ्यायचं हे एक सरकारी मंडळ ठरवत असे. ते बंधन गेल्यावर भाड्यांची चुरस लागली आणि नेहमीचं गिऱ्हाईक टिकवायचं कसं, हा प्रश्न कंपन्यांपुढे उभा राहिला. 1 मे 1981 रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ‘एअॅडव्हांटेज’ योजना आणली. काही दिवसांतच युनायटेडने ‘मायलेज प्लस’ काढली. सुरुवातीचं आमिष सरळ होतं: इतके मैल उडा, एक तिकीट फुकट मिळवा. पुढे त्यावर सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा पायऱ्या चढल्या. पण इकॉनॉमीत सीट निवडण्याचे वेगळे पैसे तेव्हा पडत नव्हते. त्यामुळे वरच्या वर्गातली बढती सोडली तर सीटच्या बाबतीत स्टेटसला देण्यासारखं फार काही नव्हतं. हे चित्र पालटलं 2008च्या सुमारास. इंधनाचे दर भडकले होते. अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्या बॅगेचे 15 डॉलर घ्यायला सुरुवात केली आणि तिकिटातून एकेक गोष्ट सुटी करून विकण्याची रीत तिथल्या मोठ्या कंपन्यांत रुळली. 2009मध्ये ब्रिटिश एअरवेजही आगाऊ सीट निवडण्याचे पैसे घेऊ लागली. सीटला किंमत लागल्याबरोबर ती किंमत माफ करण्याचा अधिकार कंपनीकडे आला, आणि स्टेटसला देण्याजोगी एक नवी भेट तयार झाली.

ही भेट कशी वाटली जाते ते युनायटेडच्या नियमांत स्वच्छ दिसतं. इकॉनॉमीतल्याच, पण पाय पसरायला थोडी जास्त जागा असलेल्या ओळींना तिथे ‘इकॉनॉमी प्लस’ म्हणतात. प्रीमियर गोल्ड आणि त्यावरच्या सदस्यांना तिकीट काढतानाच या ओळींतली सीट पैसे न देता, सोबत्यासकट घेता येते. सगळ्यात खालच्या, म्हणजे सिल्व्हर सदस्याला चेक-इन सुरू होईपर्यंत, उड्डाणाला 24 तास उरेपर्यंत थांबावं लागतं आणि तेव्हा जे उरलं असेल त्यातून निवडावं लागतं. ब्रिटिश एअरवेजचा जिना याच घडणीचा आहे: सिल्व्हर आणि गोल्ड सदस्याला तिकीट काढल्यापासून सीट मोफत, ब्राँझला उड्डाणाच्या सात दिवस आधीपासून, बाकीच्यांना चेक-इन उघडल्यावर. या कंपनीची आणखी एक तऱ्हा बोलकी आहे. लांब पल्ल्याच्या बिझनेस क्लासचं तिकीट काढलेल्या, पण स्टेटस नसलेल्या प्रवाशालाही आधी सीट निवडायची असेल तर वर पैसे मोजावे लागतात. म्हणजे महागडं तिकीट काढून सुटका होईलच असं नाही. या सगळ्या नियमांत विकली जाणारी वस्तू नीट पाहिली तर ती सीटपेक्षाही वेळ आहे. सगळे प्रवासी एकाच नकाशातून निवडतात. कोणाला महिनाभर आधी हात घालता येतो, कोणाला सात दिवस आधी, कोणाला आदल्या दिवशी. पंगतीत मागून बसणाऱ्याच्या पानात काय येणार, हे पुढच्यांनी काय उचललं त्यावर ठरतं.

तो नकाशा जरा जवळून पाहू. तिकीट काढताना पडद्यावर विमानाची लांबट आकृती येते. पुढच्या काही ओळींवर चढे दर, इमर्जन्सी एक्झिटच्या ओळींवर त्याहून चढे, मध्यावर बेताचे आणि शेपटाकडे कमी. काही चौकोन करड्या रंगाचे, म्हणजे उपलब्ध नसलेले. पाहणाऱ्याला वाटतं, या जागा गेल्या. पण करडा चौकोन म्हणजे विकलेली सीट, असं समीकरण नाही. त्यातल्या काही जागा अपंग प्रवाशांसाठी, काही लहान मुलांसह येणाऱ्यांसाठी, काही विमानतळावर ऐनवेळी करायच्या फेरफारांसाठी राखलेल्या असतात. आणि काही वरच्या पायरीच्या सदस्यांसाठी अडवून ठेवलेल्या असतात: साध्या प्रवाशाला ‘नाही’ दिसणारी सीट गोल्ड सदस्याला लॉग-इन केल्यावर ‘शून्य रुपये’ दिसू शकते. म्हणून उड्डाणाच्या आदल्या दिवशी नकाशा अचानक बदलतो. काही सदस्यांना वरच्या वर्गात बढती मिळाल्याने त्यांच्या सीट मोकळ्या होतात, राखीव जागा सोडल्या जातात, आणि काल भरलेली वाटणारी ओळ आज उघडी दिसते. दरम्यान कालच्या करड्या रंगाला घाबरून कोणीतरी चारशे रुपये भरून टाकलेले असतात. टंचाईचा काही भाग खरा असतो, काही भाग दाखवलेला असतो, आणि पडद्यापुढे बसलेल्याला त्यातला फरक कळत नाही.

याचा आकड्यांत काय परिणाम होतो, ते एका कल्पित पण सोप्या हिशोबाने पाहता येईल. 180 सीटचं विमान पूर्ण भरलं आहे असं धरू. सगळ्यांना चिठ्ठ्या टाकून सीट दिल्या तर मधली सीट टळण्याची शक्यता प्रत्येकाला तीनात दोन, म्हणजे जवळजवळ 67 टक्के. आता समजा, वीस जणांनी स्टेटसच्या जोरावर आणि साठ जणांनी पैसे भरून आधीच खिडकीच्या किंवा आइलच्या जागा घेतल्या. उरली शंभर माणसं, आणि त्यांच्यासाठी चांगल्या जागा उरल्या 40. मधली सीट टळण्याची शक्यता 67वरून 40 टक्क्यांवर आली. या शंभर जणांचं तिकीट महाग झालं नाही, विमान बदललं नाही, सीटची रुंदी कमी झाली नाही. तरी त्यांच्या हाती पडणारी वस्तू घसरली. आणि हे कळल्यावर त्यांच्यातले काहीजण पुढच्या वेळी पैसे भरतील, काही एकाच कंपनीला चिकटून राहतील. मग उरलेल्यांची शक्यता आणखी घटेल. फुकटची सीट जितकी वाईट, तितकी विकतची सीट आणि स्टेटस आकर्षक. हे चक्र फिरतं ठेवायला कंपनीला काही खराब करावंही लागत नाही. काही सुधारलं नाही, तरी पुरतं.

अशा प्रकारची बुद्धी माणसाला विमानाआधी आगगाडीत सुचली होती. फ्रेंच अभियंता आणि अर्थशास्त्रज्ञ ज्यूल ड्यूपुई याने 1849मध्ये तिसऱ्या वर्गाच्या बिनछपराच्या डब्यांबद्दल लिहिलं होतं. छप्पर घालायला फार खर्च येतो म्हणून ते घातलं नाही असं नव्हे, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या वर्गाचं भाडं परवडणाऱ्याने तिसऱ्या वर्गात बसू नये म्हणून तो डबा उघडा ठेवला. गरिबाला छळण्याचा हेतू त्यामागे नव्हता, पैसेवाल्याला घाबरवण्याचा होता. सोसावं लागलं गरिबाला. अमेरिकेतलं ‘बेसिक इकॉनॉमी’ तिकीट हा त्या डब्याचाच वंशज. डेल्टाने ते 2012मध्ये आणलं, 2017मध्ये युनायटेड आणि अमेरिकन त्यामागे आल्या. या तिकिटावर प्रवासी त्याच केबिनमध्ये, तशाच सीटवर बसतो. फक्त ती सीट आधी, फुकटात आणि मनाजोगी निवडण्याची मुभा काढून घेतलेली असते. मुभा दिल्याने कंपनीचा फार खर्च होत नव्हता. युरोपातली रायनएअर या बाबतीत आणखी पुढची. 2017मध्ये बीबीसीच्या ‘वॉचडॉग’ कार्यक्रमाने सीटचे पैसे न भरलेले चौघा-चौघांचे गट तिच्या चार उड्डाणांवर पाठवले. प्रत्येकाला मधली सीट मिळाली. जागावाटप खरोखर यादृच्छिक असतं तर असं घडण्याची शक्यता 54 कोटींत एक, असं ऑक्सफर्डच्या संख्याशास्त्रज्ञांनी सांगितलं. धोरण बदललेलं नाही, असं कंपनीचं उत्तर होतं.

या धंद्यात पैसा किती आहे ते 2024च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने मांडलं. अमेरिकन, डेल्टा, युनायटेड, फ्रंटियर आणि स्पिरिट या पाच कंपन्यांनी 2018 ते 2023 या काळात सीटच्या शुल्कातून 12.4 अब्ज डॉलर मिळवले. 2023मध्ये युनायटेडची सीटची कमाई 1.3 अब्ज डॉलर होती, बॅगांच्या शुल्कापेक्षाही जास्त. दुसरा प्रवाह स्टेटस योजनांचा. कोरोनाच्या काळात विमानं जमिनीवर उभी असताना युनायटेडने आपली ‘मायलेज प्लस’ योजना तारण ठेवून 6.8 अब्ज डॉलर उभे केले, डेल्टाने ‘स्कायमाइल्स’वर 9 अब्ज आणि पुढच्या वर्षी अमेरिकनने आपल्या योजनेवर 10 अब्ज. विमानं उडत नसताना त्यांच्या पॉइंट्सवर कर्ज मिळतं, कारण पॉइंट्सचं मोठं गिऱ्हाईक प्रवासी नसून बँक आहे. बँका क्रेडिट कार्डधारकांना वाटण्यासाठी मैल घाऊक विकत घेतात. डेल्टाला अमेरिकन एक्सप्रेसकडून 2024मध्ये सात अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. 2022पासून अमेरिकन एअरलाइन्समध्ये कार्डावरच्या खर्चातूनही स्टेटस गाठता येतं. एकदाही विमानात पाय न ठेवता कोणी गोल्ड होऊ शकतो. अशा योजनेत ‘सीट आधी निवडण्याचा हक्क’ हा कार्ड विकण्याचा एक मोहरा ठरतो, आणि तो हक्क मोलाचा दिसायचा तर इतरांना तो नसणं भाग पडतं.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. नेहमीच्या गिऱ्हाइकाला थोडं झुकतं माप देणं ही व्यापाराची जुनी रीत आहे. वर्षाला पन्नास वेळा येणाऱ्याला पुढची सीट दिली तर बिघडलं काय? किराणा दुकानदारही ओळखीच्या माणसाचं सामान आधी बांधतो. हे मान्य करूनही दोन गोष्टी उरतात. एक, हे बक्षीस खरोखर निष्ठेला मिळतं का? 2023च्या सप्टेंबरमध्ये डेल्टाने जाहीर केलं की यापुढे पायरी फक्त खर्चलेल्या डॉलरवर ठरेल. ओरड इतकी झाली की मुख्याधिकारी एड बॅस्टियन यांना आपण फार पुढे गेलो हे कबूल करावं लागलं आणि काही अटी सैल कराव्या लागल्या. पण मोजमाप पैशाचंच राहिलं. ब्रिटिश एअरवेजनेही 2025च्या एप्रिलपासून तोच रस्ता धरला: एका पौंडाला एक टिअर पॉइंट, गोल्डसाठी असे 20,000. तीस वर्षं त्याच कंपनीने पण स्वस्त तिकिटावर प्रवास करणारा निष्ठावान या फूटपट्टीवर बसत नाही. दुसरी गोष्ट, तिकीट कोणाच्या पैशाने निघतं? वारंवार उडणाऱ्यांत मोठा भाग कंपनीच्या कामासाठी फिरणाऱ्यांचा असतो. भाडं मालक भरतो, पॉइंट्स आणि पुढची सीट नोकराला मिळते. मग दोन हजारांनी महाग असलं तरी आपलं कार्ड असलेल्या विमान कंपनीचंच तिकीट काढण्याचा मोह त्याला होतो. किराणा दुकानदाराला असं गिऱ्हाईक कधी भेटत नाही.

या मोहाचा बाजारावर परिणाम होतो, असं मानून एका देशाने प्रत्यक्ष कारवाई केली. नॉर्वेने 2002मध्ये देशांतर्गत उड्डाणांवर पॉइंट्स देण्यास मनाई केली. एसएएस ही बलाढ्य कंपनी आणि तिची ‘युरोबोनस’ योजना यांच्यापुढे नव्या कंपनीला पाय रोवताच येत नाही, असा तिथल्या स्पर्धा-अधिकाऱ्यांचा मुद्दा होता. बंदी 2013पर्यंत टिकली. तोवर नॉर्वेजियन ही दुसरी कंपनी चांगली वाढली होती. बंदीमुळेच ती वाढली असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण पॉइंट्सविना विमानसेवा कोसळत नाही एवढं त्या अकरा वर्षांनी दाखवलं. याच मुद्द्याचा अधिक मोठा पुरावा भारतात आहे. इंडिगो 2006मध्ये उडू लागली आणि 2024मध्ये ‘ब्लूचिप’ येईपर्यंत, म्हणजे अठरा वर्षं, तिची स्वतःची फ्रीक्वेंट फ्लायर योजना नव्हती. तरी देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक तिच्याकडे गेले. वेळापत्रक, भाडं आणि वेळेवर पोचणं यांपुढे पॉइंट्सचा पाश सर्वसामान्य प्रवाशाला फारसा घट्ट नसतो, असाच याचा अर्थ. ‘ब्लूचिप’ आली तीही दिल्ली-मुंबई मार्गावर ‘स्ट्रेच’ हा बिझनेस क्लास सुरू होण्याच्या सुमारास. भाडं दुसरा भरतो असा प्रवासी हवा असला की पायऱ्या बांधाव्या लागतात.

भारतात स्टेटसची दुसरीही एक बाजू दिसली. मुंबईतून वाढलेल्या जेट एअरवेजच्या ‘जेटप्रिव्हिलेज’ कार्डाला एके काळी मोठा मान होता. 2019च्या एप्रिलमध्ये जेट बंद पडली. पॉइंट्सचा कारभार वेगळ्या कंपनीकडे असल्याने ते ‘इंटरमाइल्स’ या नावाने चालू राहिले, पण विमानच नसल्यावर त्या कार्डाच्या प्लॅटिनम रंगाला अर्थ उरला नाही. विस्ताराच्या सदस्यांचं नशीब बरं: 2024च्या नोव्हेंबरमध्ये ती कंपनी एअर इंडियात विलीन झाली आणि त्यांची खाती एअर इंडियाच्या योजनेत गेली, जी आता ‘महाराजा क्लब’ म्हणून ओळखली जाते. वर्षानुवर्षं साठवलेलं स्टेटस ही मालमत्ता वाटते, प्रत्यक्षात ती कंपनी देईल तितके दिवस चालणारी सवलत असते. त्या सवलतीला सीमाही असतात. एअर इंडिया 2014पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या आघाडीत आहे. तिच्या गोल्ड सदस्याला भागीदार कंपन्यांकडे लाउंज, जादा सामान आणि आधी विमानात चढणं मिळतं. मोफत सीट निवड मात्र स्टार गोल्डच्या सामायिक हक्कांत नाही. युनायटेडची ‘इकॉनॉमी प्लस’ तिच्या स्वतःच्या सदस्यांना मोफत, भागीदाराच्या गोल्डला नाही. वनवर्ल्ड या दुसऱ्या आघाडीत सॅफायर आणि एमेरल्ड सदस्यांना सीटचा लाभ मिळतो. मुंबईहून अमेरिकेला दोन कंपन्यांच्या विमानांनी जाणाऱ्याने हा फरक तिकीट काढण्याआधीच पाहिलेला बरा.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राचा. सीटचे पैसे वेगळे घेतल्यामुळेच मूळ भाडं कमी राहतं. ज्याला कुठेही बसायला चालतं त्याने खिडकीवाल्याचा खर्च का उचलायचा? या युक्तिवादात तथ्य आहे. पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या अनेकांना ही सुटी विक्री उपयोगाची ठरली असणार. पण हा युक्तिवाद उभा राहतो तो दोन अटींवर. पहिली, भाड्यांची तुलना करताना पूर्ण किंमत समोर हवी. प्रवासी भाडं पाहून कंपनी निवडतो आणि सीटचा दर त्याला तीन पडदे ओलांडल्यावर दिसतो. तोवर नाव, वय, फोन नंबर भरून झालेला असतो आणि माघारी फिरायचा कंटाळा आलेला असतो. दुसरी अट, पैसे न देणाऱ्यालाही सीट मिळतेच हे त्याला ठाऊक हवं. 2018च्या नोव्हेंबरमध्ये इंडिगोने वेब चेक-इनमध्ये सगळ्याच सीटना दर लावल्याची बातमी आली तेव्हा गदारोळ झाला, विमान वाहतूक मंत्रालयाने लक्ष घातलं, आणि विमानतळावर चेक-इन करणाऱ्याला सीट मोफतच मिळते असा खुलासा करावा लागला. डीजीसीए या भारताच्या विमान वाहतूक नियामकाच्या परिपत्रकात आवडीची सीट ही वेगळी विकता येणारी सेवा आहे, पण ती प्रवाशाने आपणहून मागितली तरच. ज्याने काहीच निवडलं नाही त्याला सीट आपोआप देण्याची सोय कंपनीने ठेवायची असते. हा नियम बऱ्याच प्रवाशांना माहीत नसतो, आणि तो ठळक अक्षरांत सांगावा असं वेबसाइटला वाटत नाही.

तिसरा आक्षेप असा की दोन तासांच्या प्रवासासाठी एवढा काथ्याकूट कशाला? धडधाकट, एकट्याने फिरणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे पटतं. पण सीटची गरज सगळ्यांना सारखी नसते. मुलाकडे न्यू जर्सीला निघालेले सत्तरीतले आईवडील मुंबईहून नेवार्कपर्यंत पंधरा तासांच्या वर बसून राहतात. गुडघ्याचं दुखणं असलेल्या, वारंवार बाथरूमला जावं लागणाऱ्या माणसाला आइलची सीट हवी असते ती आवड म्हणून नव्हे. त्यांना ती सीट पैसे भरून घ्यावी लागते. शेजारी आठवड्याआड उडणाऱ्या तिशीतल्या सल्लागाराला तीच मोफत. गरज एकाची, हक्क दुसऱ्याचा. लहान मुलांच्या बाबतीत ही विसंगती इतकी टोकाला गेली की डीजीसीएला 2024च्या एप्रिलमध्ये कंपन्यांना सांगावं लागलं: 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या किमान एका पालकाजवळ सीट द्या. चार वर्षांच्या मुलाला आईपासून सहा ओळी दूर बसवणं कोणालाच शहाणपणाचं वाटत नाही. तरी ते घडत होतं, कारण वाटणीच्या यंत्रणेला पैसा आणि पायरी या दोनच गोष्टी वाचता येत होत्या. नियम आल्यावर तिसरी गोष्ट वाचायला ती शिकली. कंपन्यांचं दिवाळं निघालं नाही.

कोणी म्हणेल, रांग कशीही लावली तरी पुढचा-मागचा राहणारच. हेही खरं आहे. अमेरिकेच्या साउथवेस्टने 1971पासून सीट नंबरच दिले नाहीत. विमानात चढून मिळेल तिथे बसायचं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यातली लोकशाही त्यात होती, पण तिथेही ए-लिस्ट सदस्यांना आधी चढायला मिळे, म्हणजे त्यांचा रुमाल आधीच पडलेला असे. आपल्या ऐंशी टक्के प्रवाशांना ठरलेली सीट हवी आहे असं कंपनीने 2024मध्ये सांगितलं आणि 27 जानेवारी 2026पासून तीही नंबरवारीकडे वळली. जादा पायजागेच्या सीट आल्या आणि त्यासोबत पायरीनुसार निवडीचे हक्क आले. तेव्हा क्रम नाहीसा होणार नाही. प्रश्न इतकाच की क्रमात सगळ्यात आधी कोण यावं. उड्डाणाची सुरक्षितता, शरीराची गरज आणि लहान मूल यांच्यानंतर उरलेल्या जागांमध्ये स्टेटस आणि पैसा यांनी खुशाल मारामारी करावी. आजच्या नकाशात मात्र गरजेला नियमाच्या काठीने आत ढकलावं लागतं.

मग साध्या प्रवाशाने स्टेटसच्या मागे लागावं का? उत्तर हिशोबात आहे. समजा वर्षाला 24 उड्डाणं, आणि सीटचा दर सरासरी 400 रुपये. सीटवर वर्षाला 9,600 रुपये गेले. स्टेटस टिकवण्यासाठी एकाच कंपनीला चिकटल्याने दर तिकिटामागे सरासरी 700 रुपये जास्त पडत असतील, तर त्या निष्ठेची किंमत 16,800. मोफत सीट सात हजारांनी महाग पडली. लाउंज, जादा बॅग आणि उड्डाण रद्द झाल्यावर मिळणारी मदत यांची किंमत ज्याच्या लेखी याहून जास्त आहे, त्याने खुशाल गोल्ड व्हावं. नुसत्या खिडकीसाठी होऊ नये. वर्षाला चार-पाच वेळा उडणाऱ्याने स्वस्त आणि सोयीचं विमान निवडून, लागेल तेव्हा सीटचे पैसे सरळ भरावेत. कुठेही बसायला चालत असेल तर एक पैसा भरू नये, आणि चेक-इन उघडताच नकाशा पुन्हा पाहावा. आदल्या रात्री बऱ्याच जागा सुटतात. हा हिशोब करणारे प्रवासी वाढले की स्टेटसचा दिमाख आपोआप उतरेल, कारण तो बराचसा हिशोब न करण्यावर उभा आहे.

पण सगळा भार प्रवाशाच्या चतुराईवर टाकणं बरोबर नाही. काही गोष्टी नियमानेच व्हायला हव्यात, आणि त्यातल्या कोणत्याही गोष्टीने कोणाचं गोल्ड कार्ड हिरावलं जात नाही. भाड्याच्या पहिल्याच पडद्यावर निवडता येणाऱ्या सर्वात स्वस्त सीटसह होणारी किंमत दिसावी. नकाशावर विकलेली सीट आणि राखून ठेवलेली सीट वेगळ्या रंगांत दाखवावी, म्हणजे टंचाई खरी किती ते कळेल. ‘पैसे न भरताही सीट मिळेल’ हे वाक्य दराइतक्याच मोठ्या अक्षरांत असावं. आणि मुलांसाठी केलेला नियम वृद्ध, गरोदर आणि आजारी प्रवाशांपर्यंत न्यावा. यावर कंपन्यांचं उत्पन्न घटेल हा आक्षेप येईलच. घटेल तो भाग बहुधा गैरसमजातून आणि घाईतून येणारा; खरोखर खिडकी हवी असणारा पैसे भरतच राहील. विमान कंपनीची पारख करताना तिच्या प्लॅटिनम सदस्याचं मत विचारण्यात फारसा अर्थ नाही, त्याला खूश ठेवण्यासाठीच ती सगळी रचना आहे. कार्ड नसलेल्या, सर्वात स्वस्त तिकीट काढलेल्या प्रवाशाला काय मिळालं आणि काय मिळणार हे त्याला आधी सांगितलं होतं का, एवढं विचारावं. त्या उत्तरावरून भाड्याचा आकडा प्रामाणिक होता की नाही ते कळतं.